अमेरिका संपली, कॅनडा घे

परदेशी गेलेल्या माणसाजवळ तिथले किस्से असतात. न गेलेल्यांजवळ जाण्याच्या आधीचे असतात, आणि ते जास्त साचतात, कारण आम्ही तिथेच अडकून राहिलो ना बाप्पा! परवा भाचीची मुलगी आली होती. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक सहामाही बाहेरच्या विद्यापीठात करायची म्हणते. मोबाइलवर बोटानं देश सरकवत बसली होती. हा नको, तिथे थंडी. तो नको, तिथलं जेवण बेचव. मग मला म्हणाली, "मावशीआजी, तुमच्या वेळी कसं निवडायचे?"

मी म्हटलं, "आमच्या वेळी निवडत नसत, वाटत असत."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करून राहिली. मग मी तिला बसवून सगळं सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगते.

आमची वेळ म्हणजे सत्तरचं दशक, नागपूर, एम.एस्सी. केमिस्ट्री. कॉलेजचं नाव सांगत नाही. जे होते त्यांना कळेल, जे नव्हते त्यांना काय करायचं आहे? आमचा चौघांचा अड्डा लॅबच्या मागे कडुलिंबाखाली. कुंदा साठवणे, इतवारीतल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, वर्गात पहिली. वसंता डांगरे, उमरेडच्या मास्तरांचा मुलगा, वर्गात पहिल्यानंतर कुठेतरी. गौतम मेश्राम, इंदोऱ्याच्या वस्तीतला, बोलायचा कमी आणि बोलला की दुसऱ्याला बोलायला काही उरायचं नाही. आणि मी, धंतोलीची, डबा खाण्यात पुढे.

बाहेर जायचं सगळेच म्हणत. पण खरं जायचं होतं ते कुंदाला. ती पळसाच्या फुलांतला रंग वेगळा काढण्याच्या मागे लागली होती. फागुन लागला की तिच्या नखांचा केशरी रंग होळीनंतरही महिनाभर जात नसे. त्या विषयाचं पुढचं शिक्षण नागपुरात नव्हतं. तिला बाकी काही नको होतं, तेवढं शिकायचं होतं.

*

आमच्या विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. मोठे सर देश वाटत.

खरंच सांगते. शिफारसपत्राशिवाय बाहेर कोणी दारात उभं करत नसे आणि शिफारसपत्र सरांच्याच हातचं लागे. सरांचं म्हणणं असं, की एका देशात माझी ढीगभर पत्रं गेली तर माझ्या शब्दाला काय वजन राहील? म्हणून दर वर्षी दिवाळी झाली की पोरं त्यांच्या खोलीबाहेर रांगेत उभी राहत आणि सर आतून देश देत. अमेरिका दोघांना. कॅनडा एकाला. पश्चिम जर्मनी ज्याचं अक्षर चांगलं त्याला; काहून, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती. इंग्लंड बंद होतं. आधीच्या एका विद्यार्थ्यानं तिथे जाऊन शिक्षण सोडलं आणि खानावळ काढली, तेव्हापासून सर अख्ख्या इंग्लंडवर रागावले होते.

आमच्या वरच्या बॅचचा एक मुलगा रांगेत मागे राहिला. सर म्हणाले, "अमेरिका संपली. कॅनडा घे."

तो म्हणाला, "सर, तिथल्या विद्यापीठात माझा विषयच नाही."

सर म्हणाले, "मग विषय बदल."

त्यानं बदलला. जन्मभर मासळी टिकवायचं शास्त्र करत बसला बिचारा. घरचे माळकरी.

*

आमच्या वर्षी कुंदा रांगेत पहिली उभी राहिली. सकाळी लॅब उघडायच्या आधी आली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं.

"वडील कुठे आहेत तुझे?"

"दुकानात, सर."

"मुलीचं पत्र मी वडिलांच्या हातात देतो. उद्या परदेशात काही झालं, तर लोक मला विचारतील."

कुंदा म्हणाली, "सर, वसंताचे वडील कुठं आले?"

"वसंताला काय होणार आहे?"

वसंता तिच्या मागेच उभा होता. हसला. त्याला अमेरिका मिळाली.

पुढच्या आठवड्यात कुंदाचे बाबूजी आले. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, काळी टोपी. सरांच्या खोलीत गेले आणि दार लागलं. आम्ही खिडकीखाली. आत दोनदा चहा गेला. कुंदा म्हणाली, "झालं काम. बाबूजी सौदा केल्याबिगर उठत नाही."

बाबूजी बाहेर आले ते खुशीत. कुंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मानूस चांगला हाय वं तुहा सर. त्यायच्या पाहण्यात चांगल्या घरचे पोट्टे हाय म्हनते."

पत्र? पत्राचा विषयच निघाला नव्हता.

*

विभागाच्या लायब्ररीत अमेरिकेतल्या विद्यापीठांचं एक जाडजूड पुस्तक होतं. कुठे काय शिकवतात, अर्ज कुठे पाठवायचा, सगळं त्यात. पूर्ण नागपुरात तसलं पुस्तक आणखी कुठे असेल तर आम्हाला माहीत नव्हतं.

त्या पुस्तकाची एक रीत होती. ज्याला जे विद्यापीठ पसंत, तो ते पान फाडून न्यायचा. म्हणजे दुसऱ्यानं तिथे अर्ज करू नये! शिकलेली माणसं, लॅबमध्ये पांढरे कोट घालणारी. आमच्यापर्यंत पुस्तक आलं तेव्हा उबदार राज्यं सगळी गेली होती. समुद्राकाठची गेली होती. नावाजलेली तर कधीच गेली होती. राहिलं होतं ते बर्फ. आमच्या कॉलेजची इतकी माणसं बर्फात जाऊन काहून राहिली, असं लोक विचारतात. हे कारण आहे.

वसंता ते पुस्तक घेऊन अड्ड्यावर आला आणि म्हणाला, "कुंदे, तू कुठं करून राहिली अर्ज?"

कुंदानं सांगितलं. वनस्पतींच्या रंगावर काम करणारे एक प्रोफेसर एका लहानशा विद्यापीठात होते. त्यांचं काम तिनं मासिकात वाचलं होतं. विद्यापीठाचं नाव त्या पुस्तकात कुठेतरी मागे होतं, कोणी फाडायच्याही लायकीचं मानलं नव्हतं.

वसंता म्हणाला, "मग मी बी तिथंच करतो. शोधायची कटकट नाही."

कुंदानं पत्ता त्याला स्वतःच्या हातानं लिहून दिला. वर म्हणाली, "ओळखीचं कोणी असलं तर बरंच आहे नं." तेव्हा त्यात गैर काही वाटलं नव्हतं मला.

*

गौतम रांगेत उभा राहिलाच नव्हता असं नाही. राहिला होता. सर म्हणाले, "तुम्हाला सरकार आहे ना. इथली एक जागा कशाला अडवता?"

गौतम "बरं" म्हणाला आणि बाहेर आला. सरकारची परदेशी शिष्यवृत्ती होती, पण तिच्यासाठीही आधी तिथल्या कोणीतरी "या" म्हणायला लागायचं. त्यानं सरांना मध्ये घेतलंच नाही. ज्या प्रोफेसरकडे शिकायचं त्यालाच थेट लिहिलं. इंग्लंडला, म्हणजे जे सरांनी बंद केलं होतं तिथेच! तिकडून "या" आलं, मग शिष्यवृत्ती आली.

त्यानंच कुंदाला सांगितलं, "सरांले काहून मागून राहिली? ज्याच्याजवळ शिकायचं त्यालेच विचार. नाही म्हणंल, तर तोच नाही म्हणंल. मधातल्या मानसाचं काहून आयकायचं?"

आता त्याच्या निरोपाचं ऐका. परदेशी जाणाऱ्याला विभागात चहा, शाल, नारळ आणि सरांचं लांब भाषण, ही रीत होती. मासळीवाल्यालासुद्धा झालं होतं. गौतमच्या वेळी सर म्हणाले, निकाल तोंडावर आहेत, समारंभ नको.

तर समारंभ स्टेशनवर झाला. अख्खी वस्ती फलाटावर. बँड, निळे झेंडे, बाया नव्या लुगड्यांत, म्हातारे रडत होते. आम्ही तिघं गेलो होतो. आणि सर! सर त्यांच्या मेहुण्याला पोचवायला त्याच गाडीवर आले होते. कोणीतरी ओळखलं, "गौतमचे सर आले, गौतमचे सर आले," आणि लोकांनी हाताला धरून पुढे आणलं. गौतमच्या आईनं आपल्या मुलासाठी आणलेला मोठा हार सरांच्या गळ्यात घातला. हात जोडून म्हणाली, "तुमच्यामुळं गेलं जी माहं लेकरू."

सरांनी हार काढला नाही. उलट चार शब्द बोला म्हटल्यावर बोलले. "माझा लाडका विद्यार्थी" असं दोनदा म्हणाले.

मी खिडकीशी गेले. माझ्या अंगाची आग होत होती. म्हटलं, "गौतम, सांग नं तुझ्या आईले काय ते."

तो म्हणाला, "राहू दे वं. हार आईचा आहे. गळा कोनाचा, ते काय पाहून राहिली?"

गाडी सुटली. सर हार घालूनच घरी गेले असं ऐकलं.

*

कुंदानं गौतमचं ऐकलं. त्या प्रोफेसरांना थेट लिहिलं, आपले प्रयोग कळवले आणि पाकिटात वाळलेल्या पळसाच्या पाकळ्या घातल्या. मला वाटलं कस्टमवाले फेकून देतील.

उन्हाळ्यात उत्तर आलं. प्रवेश तर दिलाच, वर असिस्टंटशिप. म्हणजे फी माफ आणि प्रोफेसरांच्या लॅबमध्ये काम करायचा महिन्याचा पगार. राहणं-खाणं त्यात निघणार. आपलं फक्त विमानाचं तिकीट.

वसंतालाही तिथून उत्तर आलं. प्रवेश मिळाला, पगार नाही.

पासपोर्टच्या फोटोला मी कुंदासोबत बर्डीच्या बाजारातल्या स्टुडिओत गेले. तिथे मुलांसाठी एक कोट टांगलेला असायचा. नागपुरातून बाहेर गेलेला प्रत्येक जण फोटोत त्याच कोटात आहे, कोणाच्याही घरी अल्बम काढून पाहा. मुलींसाठी कोट नव्हता. मुलींसाठी कुंडी होती. फोटोवाल्यानं कुंदाला कुंडीजवळ उभं केलं आणि मान वाकडी करायला सांगितली.

कुंदा म्हणाली, "सरळ काढा. दोन्ही कान दिसले पाहिजे."

"कान कोण पाहते, बाई?"

"अमेरिका."

त्यानं नाक मुरडत काढला. पण बाबूजींनी मागून जाऊन त्याच फोटोच्या आणखी प्रती काढल्या आणि स्थळांकडे पाठवल्या. सोबत माहितीत लिहिलं, अमेरिकेत प्रवेश मिळालेली. पोरीची किंमत वाढली ना! अमरावतीच्या एका घरून निरोप आला, मुलगी रागीट दिसते.

कुंदा म्हणाली, "तेवढं तरी बरोबर निघालं."

*

आता तिकिटाचं. बाबूजींना ऐपत नव्हती असं कोणी समजू नका. दुकानात लोखंडाच्या थप्प्या छताला लागलेल्या. कुंदानं घरात विषय काढला तेव्हा मी तिथेच होते, तिच्या आईसोबत काडीवर सरगुंडे, म्हणजे कणकेच्या जाड शेवया, वळत होते. बाबूजी झोपाळ्यावर.

कुंदानं सगळं नीट समजावलं. फी नाही, खर्च नाही, पगारातून तिकिटाचं परत करीन.

बाबूजींनी पूर्ण ऐकून घेतलं. रागावले नाही. रागावले असते तर भांडता आलं असतं. अगदी मायेनं म्हणाले, "पोरीलेच तिकीट काढून देल्लं, तर जावयाले काय देऊ वं?"

तेव्हा ही रीत होती. मुलाला अमेरिकेत प्रवेश मिळाला की त्याचं तिकीट सासऱ्यानं काढायचं, लागली तर सुरुवातीची फीही त्यानंच भरायची. आमच्या कॉलेजातून अमेरिकेला गेलेली बरीचशी पोरं सासऱ्याच्या तिकिटावर गेली आहेत. कोणी भाषणात सांगत नाही, पण गेली आहेत. पोरीसाठी तिकीट, ही गोष्ट बाबूजींच्या बाजारात नव्हतीच. त्यांचा तिच्यावर जीव होता, त्याचाच तर संताप येतो मला अजून.

आणि तिकडे उमरेडला वसंता प्रवेशाचं पत्र घेऊन, तिकिटाची वाट पाहत बसला होता. सरांनी दोन्हीकडे शब्द टाकला. पाहण्यातले पोट्टे म्हणाले होते ना, त्यातला हा एक!

मी कुंदाला विचारलं, "तुले आवडते का तो?"

ती म्हणाली, "वाईट नाही. एकच गाव, एकच कॉलेज, एकच लॅब. दोघं जाऊ."

"दोघं कशी? तिकीट तर एक काढून राहिले."

"तो पयले जाईल. पुढच्या सत्राले मले बोलावतो म्हणते. प्रोफेसरनं माझी जागा वर्षभर ठेवतो म्हणून कळवलं आहे. वर्ष काय, चुटकीसारखं जाते."

साक्षगंध झालं, लग्न झालं. वसंता माझ्यासमोर म्हणाला, "गेल्याबरोबर पैसे जमवतो अन् हिले बोलावतो. हिची जागा तर तयारच आहे, काळजी मलेच आहे." विभागात चहा, शाल, नारळ सगळं झालं. सरांनी भाषणात सांगितलं, की योग्य मुलाला योग्य देश दिला की असं फळ मिळतं. कुंदा पहिल्या रांगेत, हिरव्या शालूत. सोनेगावच्या विमानतळावर विमानात चढताना वसंतानं हात हलवला तेव्हा तिनंही हलवला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरंच खूश होती हो ती. तिच्या हिशेबानं ती अर्धी पोचली होती.

*

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. कुंदा सासरी उमरेडला थोडी, माहेरी इतवारीत जास्त. घरी बसून त्या प्रोफेसरांचे जुने शोधनिबंध वाचायची. मला म्हणायची, जाऊन पहिल्या दिवशी मूर्ख दिसायला नको.

संक्रांतीच्या सुमारास वसंतानं कळवलं, अमुक दिवशी सकाळी दुकानात फोन करतो, खुशखबर आहे. अमेरिकेतून फोन म्हणजे तेव्हा इतवारीत सण. बाबूजींनी दुकान झाडून घेतलं, टेलिफोनला गंध लावलं. गल्लीतले व्यापारी, उमरेडचे सासू-सासरे, आणि मोठ्या सरांनाही मुद्दाम बोलावलेलं. बसायला जागा नव्हती म्हणून लोक लोखंडाच्या सळ्यांवर बसले होते. कुंदानं मलाही बोलावलं होतं. कानात म्हणाली, "तिकिटाचंच असन वं. आता अर्ज टाकावा लागन व्हिसाचा." तिनं डोक्यावरून न्हाऊन नवी साडी नेसली होती.

फोन वाजला. बाबूजींनी उचलला, "हालो, हालो" केलं, पण त्यांना काही ऐकू येईना. त्यांनी रिसीव्हर कुंदाकडे दिला. "तू आयक अन् जोरानं सांग. सगळ्यायले आयकू दे."

कुंदानं कानाला लावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे.

"तब्येत चांगली आहे म्हणते."

सगळ्यांनी माना हलवल्या. सासूबाईंनी फोनलाच नमस्कार केला.

"थंडी लय आहे म्हणते."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "अन् तुम्ही काय सांगितलं?" पुन्हा ऐकत राहिली.

बाबूजींना दम निघेना. "सांग नं वं, काय म्हनते?"

कुंदानं रिसीव्हर कानाला तसाच धरला आणि दुकानाच्या दाराबाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक वाक्य सांगायला लागली. "प्रोफेसर ह्यायले म्हणाले, तुमच्या मिसेस कधी येऊन राहिल्या? ह्यायनं सांगितलं, इतक्यात काही येत नाही, तिचं काही पक्कं नाही. मंग प्रोफेसर म्हणाले, तुमचं काय म्हणणं आहे? हे म्हणाले, मी तयार आहे. तर ह्यायले असिस्टंटशिप भेटली. फी माफ झाली अन् पगार सुरू झाला."

"वा रे पठ्ठे!" बाबूजी उठून उभे राहिले. "कोनती जागा भेटली म्हनते?"

"माझी," कुंदा म्हणाली.

दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.